दिवा म्हणत होता, व्हॉल्व्ह बंद आहे

जुलै महिना होता. रात्रभर कोसळून पाऊस पहाटे जरा थांबला होता. बोईसर स्टेशनहून समुद्राकडे येणाऱ्या रस्त्यावर पाणी साचल्यामुळे आमची बस उशिरा पोचली. मी सिम्युलेटरच्या, म्हणजे सरावासाठी बांधलेल्या नकली कंट्रोल रूमच्या, इमारतीत शिरलो तेव्हा दादा आधीच येऊन बसले होते.

तारापूरच्या अणुवीज केंद्रात मी प्रशिक्षणार्थी म्हणून आलो तेव्हा पाइपलाइनी मला दादांनी शिकवल्या. ड्रॉइंगची गुंडाळी माझ्या हातात देऊन ते पुढे चालायचे आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून विचारायचे, "हा बंद केला तर पाणी कुठं जाईल?" उत्तर चुकलं की लाइन पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं घर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं, वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. घरात इंजिनियर झालेले दादा पहिलेच. आज ते शिफ्ट चार्ज इंजिनियर, म्हणजे पाळीचे प्रमुख होते, परवान्याच्या नूतनीकरणासाठी आले होते, आणि काचेमागच्या केबिनमध्ये बसून त्यांची परीक्षा मला घ्यायची होती.

अणुभट्टी चालवणाऱ्याला परवाना लागतो हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. 15 नोव्हेंबर 1983 ला अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. कंट्रोल रूममध्ये कोणत्या खुर्चीवर कोणती पात्रता असलेला माणूस बसेल, हे त्याच्या नियमांनी ठरतं. आधी शेतातल्या बांधासारखी प्रत्येक यंत्रणा पायाखाली घालायची आणि तिची चेकलिस्ट सह्या घेऊन पुरी करायची. मग लेखी परीक्षा, प्रत्यक्ष प्लांटमध्ये उभं करून विचारलेले प्रश्न, सिम्युलेटर, वैद्यकीय तपासणी आणि शेवटी समितीसमोर मुलाखत. एवढं होऊनही परवाना जन्मभराचा नसतो, ठरलेली मुदत संपली की पुन्हा उभं राहावं लागतं. "वीस वर्षं तेच पॅनेल बघतोय, आता माझी कसली परीक्षा?" असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. दादा असं कधीच म्हणाले नाहीत.

त्या दिवशी मी सिम्युलेटरवर एक रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की उघडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकवला. इंधनाची उष्णता वाहून नेणाऱ्या प्राथमिक शीतक यंत्रणेतलं गरम जड पाणी त्यातून ब्लीड कंडेन्सर नावाच्या टाकीकडे वाहू लागलं. पॅनेलवरचा दिवा मात्र 'बंद' दाखवत राहील, अशी सोय मी करून ठेवली होती.

ही कल्पना माझी नव्हे. 28 मार्च 1979 च्या पहाटे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या युनिटमध्ये हेच घडलं होतं. व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला की तिथला दिवा विझायचा. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही, हे तो सांगत नव्हता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं. प्रेशरायझरमध्ये, म्हणजे दाब राखणाऱ्या टाकीत, पाण्याची पातळी वर दिसली म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणीही कमी केलं. इंधनगाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. त्या खोलीतले सगळे परवानाधारक होते, नियमानुसार शिकलेले होते. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने बोट ठेवलं ते याच शिक्षणावर. दीड वर्ष आधी, सप्टेंबर 1977 मध्ये, डेव्हिस-बेसी केंद्रात असाच व्हॉल्व्ह अडकला होता. तिथल्या लोकांनी तो वीसेक मिनिटांत ओळखला, पण ते शहाणपण थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोचलंच नाही. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगतो, आणि सांगताना दर वेळी माझा घसा दाटतो.

इकडे सिम्युलेटरवर शीतक यंत्रणेतला दाब उतरू लागला. अलार्म वाजले. दादांनी शांतपणे ते वाचले, रिलीफ व्हॉल्व्हचा दिवा पाहिला आणि म्हणाले, "रिलीफ बंद आहे. फीड-ब्लीडच्या, पाणी आत-बाहेर करण्याच्या, कंट्रोलमध्ये घोळ दिसतोय. तिकडं बघा." पॅनेलवरचे दोघं ऑपरेटर तिकडं वळले. अनुभवी माणसाचा अंदाज होता तो, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरला असता.

पॅनेलच्या दुसऱ्या टोकाला नव्यानेच परवाना मिळालेली एक मुलगी उभी होती. ब्लीड कंडेन्सरचा दाब आणि तापमान चढताना तिला दिसत होतं. ती म्हणाली, "सर, ब्लीड कंडेन्सर..." दादा हात वर करून म्हणाले, "थांब जरा." ती थांबली. पुढची चार मिनिटं ती त्या काट्याकडे आणि दादांच्या पाठीकडे आळीपाळीने बघत राहिली. केबिनमध्ये माझे तळहात घामेजले होते. काचेवर टकटक करावी असं मनात आलं, पण ते माझं काम नव्हतं.

शेवटी दाब इतका पडला की संरक्षण यंत्रणेने स्वतःच रिअ‍ॅक्टर बंद केला. त्यानंतर मात्र दादांनी सगळं चोख केलं. भट्टी बंद झाल्या क्षणीही पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनात निर्माण होत असते, ती काढत राहावी लागते. ते त्यांच्या हातांना न सांगता कळत होतं. पण व्हॉल्व्ह ओळखला तो तेव्हा, फार उशिरा.

डिब्रीफिंगला मी आलेख पडद्यावर लावले. ब्लीड कंडेन्सरची रेघ कुठून चढायला लागली ते दाखवलं आणि त्या वेळेचं खोलीतलं बोलणं ऐकवलं. "थांब जरा" हे शब्द ऐकू आले तेव्हा दादांनी मान खाली घातली.

तुकडी निघून गेली तरी ते बसून राहिले. मी म्हणालो, "दादा, अहवालात मला लिहावं लागेल. पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. तोवर तुम्हाला शिफ्टवर बसता येणार नाही."

"लिही," ते म्हणाले. "मऊ करून लिहू नकोस." थोड्या वेळाने, खिडकीबाहेरच्या सुरूच्या झाडांकडे बघत म्हणाले, "होडीवर तांडेलाला कुणी टोकत नाही. वादळात वाद घालत बसलं तर होडी जाते. बापाकडून तेच शिकलो मी. इथं मला तिनं टोकायला हवं होतं, आणि मी तिला टोकू दिलं नाही."

त्या रात्री अहवाल लिहिताना माझा हात अडखळत होता. ज्यांनी मला पहिला व्हॉल्व्ह दाखवला त्यांच्या नावापुढे 'अपात्र' लिहायचं होतं. पण चिंचणीपासून डहाणूपर्यंतची वस्ती, बोंबील वाळत घालणारी घरं, चिकूच्या वाड्या डोळ्यांसमोर आल्या आणि मी लिहून मोकळा झालो.

काही आठवड्यांनी ते परत आले. मी वेगळाच बिघाड निवडला होता. पहिला अलार्म वाजताच दादांनी तो मोठ्याने वाचला, आपला अंदाज सांगितला आणि पॅनेलपासून दोन पावलं मागे सरले. मग मागे वळून त्याच मुलीला विचारलं, "माझ्या म्हणण्याशी न जुळणारं काही दिसतंय का तुला?"

ती बारीक आवाजात एका पंपाच्या करंटबद्दल काहीतरी म्हणाली. त्याचा त्या बिघाडाशी संबंध नव्हता, ते मला ठाऊक होतं. दादा चालत तिच्यापाशी गेले, चष्मा वर केला आणि तो काटा नीट पाहून आले.