आमची वाटचाल : चकली जमली, खारी नाही

ग्लुटेनमुक्त फराळ करायला घेतला की आधी मैद्याच्या जागी घालायला एखादं रामबाण पीठ शोधावंसं वाटतं. तसं पीठ नाही. ग्लुटेन म्हणजे गहू, जव यांतलं चिकट प्रथिन. गव्हाचा हा चिकटपणा त्या त्या पदार्थात काय काम करतो, ते बघून मगच पीठ ठरतं. चकलीत त्याचं काहीच काम नाही, नानकटाईत तो नसलेलाच बरा, शंकरपाळ्यात थोडा लागतो आणि खारी तर त्याच्याच जिवावर उभी असते. खारी सोडली तर आमचे पदार्थही याच क्रमानं बाजारात आले.

चकलीच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू नसतोच. आमचं प्रमाण: तांदूळ 500 ग्रॅम, हरभरा डाळ 250, उडीद डाळ 125, मूग डाळ 60, धणे 25, जिरे 15. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत वाळवायच्या आणि सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजायचं. उडीद डाळ तेवढी कमी भाजायची, कारण ती लाल झाली की पीठ कडवट होतं.

एवढं साधं असूनही पहिले नमुने तपासणीत नापास झाले, ते हिंगामुळे. वाण्याकडे मिळतो तो बांधानी हिंग, म्हणजे अस्सल हिंगात डिंक आणि बहुधा मैदा कालवलेला. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. किलोभर भाजणीला 3 ग्रॅम हिंग घातला आणि त्यात निम्मा मैदा धरला, तर दीड ग्रॅम मैदा आत गेला. त्यात साधारण 150 मिलिग्रॅम ग्लुटेन. तळून चकली सव्वा-दीड किलो भरते असं धरलं तरी मर्यादेच्या पाचपट! आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगच घेतो, आणि त्याचीही प्रत्येक खेप तपासून.

दुसरं भोक गिरणीचं. आपल्याआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, आणि जात्याच्या पाळीत, पट्ट्याच्या आडोशाला राहिलेलं पीठ कितीही झाडलं तरी पूर्ण निघत नाही. ‘थोडे तांदूळ आधी दळून टाका’ या उपायावर आमचा विश्वास नाही. स्वतःची घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीही घातला नाही. त्यातही धणे, जिरे आणि डाळी ताटात निवडाव्याच लागतात. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन सुमारे 4 मिलिग्रॅम. म्हणजे किलोत पाच दाणे राहिले की वीसची मर्यादा गाठलीच.

चकलीचं बाकी तंत्र आजीचंच. किलोभर भाजणीला जवळपास तेवढंच, लिटरभर उकळतं पाणी. त्यात मीठ, तिखट, तीळ आणि 120 ग्रॅम तेल घालून भाजणीवर ओतायचं, अर्धा तास झाकायचं, मग मळायचं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दात मोडतात. पीठ सैल झालं की काटे बसतात, घट्ट झालं की सोऱ्यातून तुटत येते. आच मोठी ठेवली तर वरून लाल होते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

नानकटाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बेसन 200, तांदळाची पिठी 150, ज्वारी 150, पिठीसाखर 250 आणि घट्ट तूप 275 ग्रॅम. तूप वितळलेलं नको, नाहीतर नानकटाई ट्रेवर पसरून पापड होते. गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून 160 अंशांवर 20 मिनिटं भाजायचे. गरम असताना हात लावला की भुगा होतो, म्हणून ट्रेवरच गार होऊ द्यायच्या.

शंकरपाळ्यांनी खरा घाम काढला. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तेवढा मैदा, हे घरोघरचं माप तांदूळ-ज्वारीला लावलं की कढईत नुसता गाळ उरतो. एवढं तूप आणि साखर धरून ठेवायचं काम मैद्यातल्या ग्लुटेनच्या जाळीचं. ती नाही म्हटल्यावर दोन्ही कमी करावीच लागतात. आता 500 ग्रॅम पिठाला तूप 75, साखर 125 आणि दूध सुमारे 225 मिलिलिटर घेतो. पिठात 250 ग्रॅम तांदूळ, 150 ज्वारी, 100 साबुदाण्याचं पीठ. दूध, साखर, तूप उकळून त्यात आधी तांदळाच्या पिठीची उकड काढायची. पिठी शिजली की चिकटपणा येतो. कोमट झाल्यावर उरलेली पिठं आणि 12 ग्रॅम इसबगोल घालून मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. इसबगोलाला पाणी प्यायला तेवढा वेळ लागतोच. घाई केली तर लाटताना कडा फाटतात. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये जाडसर लाटायचं. पातळ लाटलेलं कडक होतं.

ग्राहकांच्या तीन समजुती मात्र फराळाइतक्याच चिवट. खपली गहू चालतो, नाचणीचं बिस्किट म्हणजे गहू नाही, आणि सातूचं पीठ उपासासारखं हलकं, म्हणून तेही चालतं. तिन्ही चूक. खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन असतं. बाजारच्या नाचणी बिस्किटात बहुधा मैदाही असतो, मागची यादी वाचावी. आपल्याकडच्या सातूच्या पिठात भाजलेले गहू असतात, आणि जव घातले तरी ग्लुटेन आहेच.

खारी आम्ही विकत नाही. मैद्याच्या पात्यांत वनस्पती तूप घालून घड्यांवर घड्या घालायच्या, भट्टीत वाफेनं ती पाती उचलली जातात, हे खारीचं गुपित. तांदळाचं पातं घडी घालतानाच तडकतं, तूप बाहेर गळतं आणि भट्टीतून कौल निघतं. चहात बुडवायला म्हणून त्याऐवजी ज्वारीचं जिरा बिस्किट आहे, पण त्याला आम्ही खारी म्हणत नाही.

करंजीचं अर्धवट जमलं आहे. तीन भाग तांदूळ, एक भाग साबुदाण्याचं पीठ, उकड काढून केलेली पारी, आत खोबऱ्याचं सारण. तळल्यावर पहिले काही तास छान कुरकुरीत, दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी. त्यामुळे ती कुरिअरनं पाठवत नाही. सकाळी नेऊन संध्याकाळपर्यंत संपवणाऱ्यांनीच आदल्या दिवशी सांगून ठेवावी.