दोरी लागली नव्हती, शिक्रा आजारी होता

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीच्या दिवसांत बडोद्यात पक्षी उपचाराला आणला म्हणजे तो मांज्याने कापलेलाच, असं सगळे धरून चालतात. दांडिया बाजारात आमच्या गच्चीवर सापडलेल्या शिक्र्याच्या, म्हणजे एका लहान शिकारी पक्ष्याच्या, अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. पंख शाबूत. चोच तेवढी अर्धवट उघडी, आणि आत पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा थर.

खोक्याला भोकं पाडून, आत जुना टॉवेल घालून त्याला उपचार केंद्रात नेला. अडलं ते खिडकीवर. फॉर्मवर रकाना एकच, जखमेचा. ‘दोरी क्यां वागी छे?’ (दोरी कुठे लागली?) दोरी लागलेलीच नाही म्हटल्यावर, ‘मग जनावरांच्या दवाखान्यात न्या.’ दवाखान्यातले म्हणाले, हा वन्य पक्षी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, वनखात्याच्या कागदाशिवाय हात लावणार नाही. पुन्हा तीच खिडकी, आता पुढे भलीमोठी रांग. पतंगाच्या दोरीने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठीचं गुजरात सरकारचं करुणा अभियान २०१७ पासून चालतंय, त्यातून कितीतरी पक्षी वाचतात, आणि कापलेल्या पंखाला आधी टाके पडायलाच हवेत. माझा राग त्या रकान्यावर आहे. रक्त दिसत नाही म्हणून हा पक्षी थांबू शकतो, असं कुणी ठरवलं?

ट्रायकोमोनास हा परजीवी कबुतरांच्या घशात राहतो. कबुतरं खाणाऱ्या शिक्र्याला, घुबडाला तो तिथूनच लागतो. त्याने घशात असाच पिवळट थर धरतो, तो वाढला की घास उतरत नाही, पक्षी उपाशी मरतो. शेवटी तिथून जाणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना मी मोबाइलवरचा चोचीचा फोटो दाखवला. त्यांनी खोका हातात घेतला आणि त्याच रकान्यात आडवं ‘आजारी’ लिहिलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

म्हणून सांगते, फोटो दिवसाउजेडी काढून ठेवा. पोचपावती मागून घ्या, तिच्यावरचा नंबर नंतर चौकशीला लागतो. वाहन नसेल तर १९६२ या प्राण्यांच्या रुग्णवाहिकेच्या नंबरवर फोन करा.

औषधाने थर गेला, मग मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव झाला, आणि त्याला आमच्याच भागात सोडलं. खूप आनंद झाला.

हो, चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. थर खरवडू नका, रक्त येतं. एकाच जागी बरेच कावळे मेलेले दिसले तर मात्र हात लावू नका, बर्ड फ्लू असू शकतो, सरळ कळवा. आणि गच्चीवर कबुतरांसाठी पाणी ठेवत असाल तर भांडं रोज घासून, कडक उन्हात वाळवून मगच भरा. ही लागण त्या पाण्यातूनही पसरते.