हरिपूरची पेवं

बागेतल्या गणपतीला नमस्कार करून पायीच निघालो. सांगली ते हरिपूर चारेक किलोमीटरच, आणि दुतर्फा चिंचा असलेल्या या रस्त्याला गाडीत बसून जाणं मला पटत नाही. हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. १८५५ चा त्यांचा जन्म इथलाच.

संगमेश्वराचं दर्शन घेऊन घाटावर उतरलो. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा इथं रुंद, संथ होते आणि समोरून वारणा तिला मिळते. पलीकडचं कोथळी कोल्हापूर जिल्ह्यात. श्रावणी सोमवारी या घाटावर पाय ठेवायला जागा नसते; आज एक धुणं आपटल्याचा आवाज तेवढा होता.

मला मात्र पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, बघायची होती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिढ्यान् पिढ्या ती सांभाळली हरिपूरच्या जमिनीनं. नदीकाठची इथली माती खोल आणि चिवट, पाणी झिरपू न देणारी. पेवाचं तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट रांजणासारखं फुगीर. आतून सारवायचं, पाला-चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद. हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं माल तसाच राही.

पूर्वी पेवात उतरणारे एक तात्या मित्राच्या ओळखीनं भेटले.

“तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही,” ते म्हणाले. “आधी दिवा सोडायचा. दिवा विझला की आपण वरच थांबायचं.”

“आणि नाही विझला तर?”

“मग देवाचं नाव घ्यायचं आणि दोराला धरायचं.”

२००५ च्या महापुरात ही पेवं बुडाली. ज्या नदीनं ही माती आणून टाकली, तिच्याच पाण्यानं हळद कुजली. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. २०१९ ला पाणी त्याहूनही वर चढलं, पण तोवर इथं भिजायला फारसं उरलंच नव्हतं. एवढी अक्कल ओतून घडवलेली ही कोठारं, निदान दोन-चार तरी नीट दुरुस्त करून जपायला हवीत. मला ते मनापासून वाटतं.

निघताना मी गवतातून आडवा चाललो, तसं तात्यांनी दंड धरून मागं ओढलं.

“तिकडनं नको, बांधावरनं या. खाली पोकळ आहे.”