ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समध्ये जमिनीला कुंपण घालताना आलेला अनुभव

किनारपट्टीच्या बाजूला आम्ही थोडी शेतजमीन घेतली, आणि पहिलं काम काढलं ते कुंपणाचं. बुलडोझरवाला म्हणाला जमीन तुमची, दोन दिवसात सगळं साफ करून देतो. मी हो म्हणणारच होतो पण शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, लोकल लँड सर्व्हिसेसला (शेतजमिनीचं बघणारं इथलं सरकारी खातं) फोन केलास का? तो फोन केला म्हणून वाचलो, खरंच सांगतो.

मला वाटायचं तोडण्याचे नियम फक्त मोठ्या झाडांना असतात. तसं अजिबात नाहीये. इथल्या कायद्यात नेटिव्ह व्हेजिटेशन म्हणजे झाडं, रोपटी, झुडपं आणि जमिनीवरचं देशी गवतसुद्धा! ज्याला मी इतके दिवस नुसतं रान माजलंय म्हणत होतो त्यात चांगलं कांगारू ग्रास नावाचं देशी गवत निघालं.

मग जमीन कुठल्या कॅटेगरीत येते ते बघायचं, कारण सगळं त्यावरच ठरतं. १ जानेवारी १९९० ला जी जमीन मोकळी होती ती साधारण कॅटेगरी १, म्हणजे या कायद्यातून सूट (दुर्मिळ प्राणी आणि वनस्पतींचे नियम वेगळे, ते असतातच), आणि जिथे नियम लागतात ती कॅटेगरी २. आमचा खालचा तुकडा तेव्हापासून मोकळा आहे हे दाखवायला जुने एअर फोटो शोधत बसलो, त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला.

कुंपणाला परवानगी लागत नाही, ते अलाउएबल ॲक्टिव्हिटीत, म्हणजे न विचारता करता येणाऱ्या कामांत येतं. पण किनारपट्टीच्या झोनमध्ये जास्तीत जास्त १५ मीटर रुंद पट्टा, मधल्या झोनमध्ये ३०, पश्चिमेकडे ४०. आणि १५ मिळाले म्हणून १५ च्या १५ साफ करायचे असं नाही हं, कामाला लागेल तेवढंच काढायचं. आम्ही चार मीटरात भागवलं.

ओढ्याकाठचं ऐकून मात्र मी गप्पच झालो. सरकारी नकाशात तो भाग व्हल्नरेबल, म्हणजे जास्त जपायचा, दाखवलाय आणि तिथे वाळलेलं झाडसुद्धा नेटिव्ह व्हेजिटेशन धरतात. त्यातलीच दोन मी सरपणासाठी हेरून ठेवली होती! अशा जुन्या खोडात ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं लागतात, पोपट त्यातच घरटं करतात, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

वरच्या उतारावरची झाडंझुडपं काढून चराई वाढवायची होती पण त्याला सर्टिफिकेट लागणार, शिवाय बदल्यात काही जमीन सेट-असाइड म्हणून कायमची राखायला लागू शकते, पुढे विकली तरी ते बंधन जात नाही. ते आम्ही सोडून दिलं, आणि कुंपण ओढ्यापासून आत घेतलं.