संकष्टीचं डोकं

‘कालच्या उपवासाने पित्त झालंय, डोकं उठलंय.’ वद्य चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! मग आलेपाक, पित्ताची गोळी, बाम, कपाळाला घट्ट बांधलेली ओढणी. दुपारी उलटी होते, झोप लागते, संध्याकाळी बरं वाटतं आणि पित्तच होतं अशी सगळ्यांची खात्री पटते.

यातल्या बऱ्याच जणींना झालेली असते ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. (जणी म्हणायचं कारण, हा त्रास बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास तिप्पट दिसतो.) डोकं ठणकतं, बहुतेक वेळा एका बाजूने. जिना चढला तरी वाढतं. उजेड आणि भांड्यांचा आवाज सोसवत नाही. औषध न घेतल्यास हे ४ ते ७२ तास चालू शकतं. मळमळ आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग असतो, त्यामुळे पित्ताच्या गोळीने डोकं थांबत नाही. एवढी एक गोष्ट कळायला लोकांची वर्षं जातात, याचं फार वाईट वाटतं.

अर्धशिशीच्या मेंदूला अचानक बदल सोसत नाही. म्हणून ‘काय खाल्लं’ याआधी ‘किती वेळ खाल्लं नाही’ हे बघा. लोक वांगं, दही, लिंबू, टोमॅटो, पनीर असं एकेक सोडत जातात आणि सकाळचा नाश्ता मात्र अकरा वाजता करतात.

संकष्टीचा दिवस घड्याळ लावून बघा. सकाळी फक्त चहा, तोही काही जणी घेत नाहीत. बारा वाजता दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी. चंद्रोदय नऊ-साडेनऊला, कधी दहाही वाजतात. मग आरती, नैवेद्य, सगळ्यांची पानं, आणि स्वतःचं ताट सर्वांत शेवटी. दोन खाण्यांमध्ये दहा तास गेलेले असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यातली प्रथिनं काय ती दाण्याच्या कुटातली. पाणी जेमतेम चार पेले. त्यावर रात्री पोटभर मोदक, मागचं आवरून झोपायला बारा. सकाळी डोकं उठलं, तर दोष एकट्या खिचडीचा नसतो. उपाशीपण, कमी पाणी, हुकलेला चहा आणि उशिराची झोप एकाच दिवशी एकत्र आली. यातलं एखादं असतं तर कदाचित निभावलं असतं.

उपवास सोडायलाच हवा असं नाही, पण तासांचं गणित बदलायला हवं. सकाळी आठला कपभर दूध आणि राजगिऱ्याचे दोन लाडू. साडेअकराला वरीचे तांदूळ आणि वाटीभर दाण्याची आमटी. तीनला दही आणि उकडलेलं रताळं. सहाला मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे; त्यातून ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. मधली फट चार तासांच्या पुढे जाऊ द्यायची नाही. पाणी दिवसभरात दोन ते अडीच लिटर, थोडं थोडं करून. संध्याकाळी आठवण झाल्यावर दोन तांबे घटाघटा प्यायल्याने दिवसाची तूट भरत नाही. रात्रीचं जेवण बेताचं ठेवा, आवराआवर सकाळवर टाका आणि रोजच्या वेळेपेक्षा फार उशिरा झोपू नका. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाबद्दल मात्र मत स्पष्ट आहे: अर्धशिशी असेल तर तो करू नये. मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर कुठलाही उपवास डॉक्टरांना विचारूनच.

चहाचा हिशेब वेगळा. रोज चार कप घेणाऱ्याने एक दिवस कडकडीत सोडला, तर १२ ते २४ तासांत कॅफीन तुटल्याचं डोकं सुरू होऊ शकतं आणि ते आठवडाभरही रेंगाळतं. म्हणून उपवासाला चहा चालत असेल तर नेहमीच्या वेळी नेहमीएवढा घ्या. कमी करायचाच असेल तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत दिवसाला दोन कपांवर या. दुपारी चारनंतर नको, झोप मोडते.

रविवारी हेच सगळं थोड्या प्रमाणात घडतं: दोन तास जास्त झोप, उशिरा चहा, दहाला पोहे. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभराच्या पलीकडे सरकवू नका. दुपारी हवं तर पडा.

विशिष्ट पदार्थांवर संशय असेल तर एका वेळी एकच तपासा. चार आठवडे बंद, मग पुन्हा सुरू, आणि निदान तीनदा तसंच घडलं तरच तो दोषी. झटक्याच्या आदल्या दिवशी वारंवार जांभया येणं, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं ही सुरू झालेल्या झटक्याची पूर्वसूचना असते. त्या ओढीने चॉकलेट खाल्लं आणि नंतर डोकं दुखलं, तर चॉकलेटवर आळ येतो. प्रत्यक्षात झटका आधीच निघालेला असतो.

गोळीत दोन चुका सर्रास होतात. पहिली, ‘बघू, थांबेल’ म्हणत तीन तास काढायचे. झटक्यात जठराची हालचाल मंदावते, गोळी पोटातच पडून राहते. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणं सौम्य असतानाच घ्यावी. दुसरी, वारंवार घेणं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरच्या गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करू लागते. मॅग्नेशियम आणि रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लेव्हिन (बी-२ जीवनसत्त्व) यांचा काहींना उपयोग होतो, पण परिणाम दिसायला तीन महिने द्यावे लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम स्वतःच्या मनाने नको.

क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं: थेट दवाखान्यात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, तरी तपासून घ्या.

नोंदीसाठी ॲप नको असेल तर स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पुरेसं आहे. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात पेन्सिलने तीन खुणा करा: डोकं दुखलं तर ‘डो’, गोळी घेतली तर ‘गो’, पाळीच्या पहिल्या दिवशी ‘पा’. संकष्टी आणि एकादशी छापलेल्याच असतात. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत ‘डो’ गोळा होत असतील, तर डॉक्टर त्यासाठी वेगळी औषधयोजना करू शकतात. तपासणीला जाताना तीन महिन्यांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून न्या आणि ‘गो’ किती ते आधीच मोजून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.