मोबाइल आहे ना, मग जपानी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेत आले. प्रश्न ठरलेला असतो: जपानी कंपन्यांत इंग्रजी येणारी माणसं असतात, मोबाइल भाषांतर करतो, मग दुभाष्यावर पैसे का घालवायचे?

पूर्वी मी प्रमाणपत्र पुढे करायचे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-१, पाच पातळ्यांतली सर्वांत वरची. त्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, हे मात्र सांगत नसे. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं मला येत होतं. तरीही जपानमधल्या नागोयातल्या एका बैठकीत माझ्यामुळे एका माणसाचं नुकसान झालं.

तो यंत्रांचे सुटे भाग बनवणारा उद्योजक. माणूस मराठी, पण सोबतच्या सल्लागारामुळे आमच्या बाजूची भाषा इंग्रजी. दोन तास नमुने, टॉलरन्स, दर, पुरवठ्याच्या तारखा. शेवटी खरेदीप्रमुखांनी दातांतून हवा आत ओढली, 'साऽऽ' असं लांबवलं, वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, 'माएमुकी नी केन्तो सासेते इतादाकिमास.' मी इंग्रजीत सांगितलं, आम्ही याचा सकारात्मक विचार करू. शब्दाला शब्द. मोबाइलनंही हेच दिलं असतं. शेजारच्या चेहऱ्यावर आनंद पसरला, तो मी पाहिला आणि गप्प बसले. ती अवघडल्याची हवा मला ऐकू आली होती. पुढच्या भेटीचा विषय कुणी काढला नव्हता. 'नमुने ठेवून घ्या' म्हटल्यावर त्यांनी ते हलकेच परत सरकवले होते. मग सगळे लिफ्टपर्यंत आले आणि दार मिटेपर्यंत वाकून उभे राहिले. ते त्यांनी कुणाही पाहुण्यासाठी केलं असतं. याला ती होकाराची खूण वाटली. लिफ्टमध्ये तो म्हणाला, 'ताई, झालं बघा काम!' तेव्हाही मी काही बोलले नाही.

त्यानं कर्ज काढून नवी मशीन घेतली. ऑर्डर आली नाही. पाच महिन्यांनी फोन आला, 'ते नेमकं काय म्हणाले होते?' मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

बोललं गेलं तेवढंच सांगावं, पदरचं घालू नये, हा आमच्या कामाचा पहिला नियम, आणि तो चुकीचा नाही. पदरचं घालणारा दुभाषी दुसऱ्याचा व्यवहार आपल्या हातात घेतो. हे मी आजही मानते. पण त्या दिवशी मराठीत दोन शब्दांत भागलं असतं: 'बघू म्हणाले.' हे 'बघू' त्याला बरोबर कळलं असतं. मी नियमाच्या आणि इंग्रजीच्या आड उभी राहिले.

उलट दिशेनंही चुकले आहे. आपल्याकडचे 'होऊन जाईल' म्हणाले, मी 'दाइजोबु देस', म्हणजे 'काही अडचण नाही', म्हणून मोकळी झाले. समोरच्यांनी तारीख वहीत लिहून घेतली. इकडे तो धीर होता, तिकडे शब्द दिल्यासारखा झाला.

नागोयानंतर मी बैठक संपल्यावर अर्थही सांगू लागले. एकाला ठामपणे म्हटलं, 'हा नकार आहे.' त्यानं पाठपुरावा सोडला. दहा आठवड्यांनी तिथूनच विचारणा आली. रिंगीचा, म्हणजे सगळ्या खात्यांची मंजुरी घेण्याचा कागद इतके दिवस एकेका खात्याचे शिक्के घेत फिरत होता. ते खरोखरच विचार करत होते. तोवर यानं दुसरं काम धरलं होतं. म्हणजे एकाचं माझ्या गप्प राहण्यानं गेलं, दुसऱ्याचं माझ्या बोलण्यानं.

मग भाषा कशाला शिकायची? ती हवा ऐकू यावी म्हणून, एवढंच मला सांगता येतं. ऐकू आल्यावर काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा 'केन्तो', म्हणजे तेच 'विचार करू', आलं. मी वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि शेजारी हळूच मराठीत म्हटलं, 'पुढची तारीख विचारा.' त्यांनी विचारली. समोरच्यांनी डायरी उघडली, बराच वेळ पानं चाळली आणि मिटून ठेवली.