क्रॉस कंट्रीच्या अर्जातला मंच

'मंचाची लांबी व रुंदी (फुटांत).' आमच्या शाळेने या वर्षी आंतरशालेय क्रॉस कंट्री भरवली. परवानगीचं काम पालकांच्या वतीने मी अंगावर घेतलं होतं, आणि स्पर्धा होऊन गेली तरी अर्जातला हा रकाना माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्याखाली मंडपाचं माप, खुर्च्यांची संख्या, येण्याचा दरवाजा, जाण्याचा दरवाजा आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव. गरबा, सत्कार, भजनसंध्या यांना हा अर्ज चालत असेल. आमची मुलं मैदान, मागची पडीक जमीन आणि बाभळींमधली पायवाट असा दोन किलोमीटरचा फेरा धावणार होती. खुर्ची एकही नव्हती. प्रत्येक वळणावर एक मोठं माणूस उभं राहणार होतं, आणि नेमकं तेच लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

बाकीच्या तयारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बडोद्यात पालकांना नीट काम सांगितलं की माणसं येतात. केळी, पाणी, पदकं, छातीवरचे नंबर, टाचण्या हे सगळं ग्रुपवर विचारल्याबरोबर वाटलं गेलं. मैदान शाळेच्या ओळखीतून मिळालं. पीटीच्या सरांनी मार्ग आखला. अडलं ते फक्त परवानगीपाशी.

परवानगी लागली ती एका रस्त्यामुळे. फेऱ्यात एक डांबरी रस्ता दोनदा ओलांडावा लागत होता. रस्ता अरुंद आहे, पण सकाळी दुधाच्या गाड्या, टेम्पो आणि कामाला निघालेल्या मोटरसायकली तिथून जातात. पालकाने कितीही शिट्टी फुंकली तरी वाहन थांबवायचा अधिकार त्याला नसतो, त्यामुळे तिथे पोलीस हवाच. म्हणून मी त्या कचेरीत गेले. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण असा अर्ज आणखीही कुठे असू शकेल.

मंचाच्या रकान्यात मी 'लागू नाही' असं लिहिलं होतं. खिडकीतल्या भाईंनी कागद परत सरकवला. 'बेन, कॉलम खाली न चाले.' रिकामा कुठे आहे, लिहिलंय त्यात, असं म्हटल्यावर ते म्हणाले की आकडा हवा. ते उद्धट नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांना पुढच्या टेबलावरून तेच विचारलं जाणार होतं. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी जेवायला, कधी बाहेरगावी. बाकावर बसून मी त्या अर्जाची ओळ न् ओळ वाचली. पाहुणे कुठून येतील हे विचारलं होतं, ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत चालेल हे विचारलं होतं. एखादं मूल कुठल्या जागी गाडीसमोर येऊ शकतं हे कुठेही विचारलेलं नव्हतं. माझा राग खरा तिथला आहे. सुरक्षेसाठी म्हणून जो कागद भरून घेतात, त्यात धोक्याच्या जागेला रकानाच नाही.

दुसरी अडचण स्वयंसेवकांच्या यादीची, आणि तीच जास्त दमवणारी ठरली. प्रत्येकाचं नाव, मोबाइल, ओळखपत्राची प्रत आणि 'कामाचा प्रकार'. प्रकार छापलेलेच होते: मंच व्यवस्था, बैठक व्यवस्था, वाहनतळ, भोजन. यांपैकी एकावर खूण करायची, आणि यादी दिली की तीत बदल नाही. आमची स्पर्धा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होती. यादी मागितली डिसेंबरात, कमुरता म्हणजे लग्नं न होण्याचा महिना चालू असताना. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, झालं की आपल्याकडे लग्नांचा धडाका सुरू होतो. डिसेंबरात 'हो, नक्की येतो' म्हणणारे पालक जानेवारीत भाचीच्या लग्नाला सुरतेला किंवा पुण्याला निघतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण एक नाव बदललं की नवा अर्ज, नव्या प्रती, पुन्हा तीच खिडकी. पाणी वाटणाऱ्या एका वहिनींच्या जागी त्यांच्या जाऊबाई येणार, एवढ्यासाठी मला अख्खा गठ्ठा परत मिळाला. त्या दिवशी मी घरी कुणाशी धड बोलले नाही.

यातून वाट काढली सातवीतल्या एका मुलाच्या आजोबांनी. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, आणि लहानपणी दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात घडलेले. मी त्यांच्याकडे मार्गाचं नुसतं चित्र मागायला गेले होते. त्यांनी माझा गठ्ठा वाचला आणि म्हणाले, 'ताई, माणसांची यादी देऊ नका, जागांची द्या. माणूस बदलतो, जागा बदलत नाही.' मग मैदानावर येऊन त्यांनी टेपने अंतरं घेतली आणि मोठ्या कागदावर मार्ग काढला. प्रत्येक वळण, प्रत्येक ओलांडणी, पाण्याचं टेबल, रुग्णवाहिकेची जागा, सगळ्याला क्रमांक. शेजारी तक्ता: ठिकाण क्रमांक, मोठी माणसं किती, त्यांनी काय करायचं, वेळ कुठून कुठपर्यंत. नावं वेगळ्या कागदावर, खाली राखीव माणसांची रांग, आणि वर एक ओळ: 'व्यक्ती बदलल्यास ठिकाण व काम तेच राहील.'

हा नकाशा घेऊन मी थेट साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला, नकाशा उघडला आणि ओलांडणीवर बोट ठेवलं. 'अहीं गाडी कोण रोकशे?' इथे गाडी कोण थांबवणार? इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न विचारला. त्याच बैठकीत दोन हवालदारांचा शेरा पडला. आकडा मात्र त्यानंतरही लागलाच. शेवटच्या रेषेपुढे आम्ही दोरीची जी निमुळती गल्ली करणार होतो तिचं माप मी त्या रकान्यात भरलं, समोर 'जोडपत्र १ पाहावे' असं लिहिलं, आणि अर्ज पुढे गेला.

त्या नकाशाचा दुसरा उपयोग मला आधी सुचला नव्हता. तोच आम्ही पालकांच्या ग्रुपवर टाकला. 'स्वयंसेवक हवेत' म्हटलं की सगळे फोटो काढायला नाहीतर बक्षिसाच्या टेबलावर येतात. 'ठिकाण ९, बाभळींजवळचं वळण, सात ते साडेदहा, दोन माणसं' असं लिहिलं की लोक आपली जागा मागून घेतात आणि ती मनापासून सांभाळतात.

कुठे कोण असावं याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. ओलांडणीवर ज्यांचं मूल त्या फेरीत धावतंय असे आईवडील नकोत. मूल दिसलं की डोळे त्याच्यामागे जातात. तिथे काका, मामा, आजोबा, नाहीतर धाकट्या वर्गांचे पालक ठेवा. त्यांना एकच गोष्ट सांगायची: मुलाला थांबवायचं नाही, गाडी थांबते. ती थांबवायचं काम हवालदाराचं, आपलं काम मुलं येताहेत हे त्याला वेळेवर सांगण्याचं.

सगळ्यात शांत डोक्याची माणसं शेवटच्या गल्लीत हवीत. क्रॉस कंट्रीत सांघिक निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. आमच्या नियमात शाळेचे सहा धावायचे, पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवायचे, सर्वांत कमी बेरजेचा संघ पहिला. म्हणजे २, ९, ११ आणि १५ असे आले तर ३७. दुसऱ्या शाळेचा मुलगा पहिला आला, पण बाकीचे १४, २० आणि २६ वर असले तर ६१. मधला एक क्रमांक चुकला की त्याच्यामागच्या सगळ्यांची बेरीज चुकते. म्हणून रेषा ओलांडलेल्या मुलांना गल्लीत त्याच क्रमाने चालवायचं, कुणी पुढे घुसू द्यायचं नाही, टोकाला क्रमांकाचं पुठ्ठ्याचं कार्ड हातात द्यायचं. ते कार्ड टेबलावर जमा करताना छातीवरचा नंबर लिहिला जातो. शिवाय दुसरी जोडी रेषेवरच उभी राहून नंबर उतरवते, एक बोलतो आणि एक लिहितो. आमच्याकडे एका गटात दोन याद्या जुळल्या नाहीत, आणि दुसरी यादी होती म्हणून पाच मिनिटांत निकाल लागला.

मांजाचं वर सांगायचं राहिलं. बडोद्यात जानेवारीत स्पर्धा घेणार असाल तर हे आधी वाचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी उत्तरायणानंतर झुडपांत, कुंपणात, गवतात तो अडकलेला असतोच. पळणाऱ्या मुलाच्या गळ्याशी किंवा घोट्याशी आला तर कापतो. आदल्या संध्याकाळी चार पालक कात्री आणि पोतं घेऊन सगळा मार्ग चालले, आणि पहाटे उजाडताच पुन्हा एकदा. पोतं अर्ध्यावर भरलं. माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचं काम त्या चौघांनी केलं, म्हणून बक्षीस समारंभात त्यांची नावं मी आवर्जून घ्यायला लावली.

फक्की आणि झेंडेही आदल्या दिवशीच. डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला पांढरे, म्हणजे मुलाला दोहोंच्या मधून पळायचं एवढंच लक्षात ठेवावं लागतं. सगळ्यांत पुढे एक सायकल, आणि सगळ्यांत मागे एक मोठं माणूस, जे शेवटच्या मुलाला ओलांडून जात नाही. मागचं माणूस येऊन जाईपर्यंत वळणावरच्या कुणी जागा सोडायची नाही.

रुग्णवाहिका खासगी रुग्णालयातून ठरवून आणा. १०८ ही संकटात बोलवायची सेवा आहे, सकाळभर उभी करून ठेवायची नव्हे. 'थंडीत कशाला एवढं?' असं काही पालक म्हणाले. आमच्यातल्या डॉक्टर वहिनींनी त्यांना १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं सांगितलं. कडक उन्हात क्रॉस कंट्रीला ३८ जण सुटले आणि पूर्ण केली फक्त १५ जणांनी, त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून गेलीच. आमची पहिली शर्यत आठला सुटली, आणि ऊन चढायच्या आत शेवटची संपवली.

परवानगीच्या कागदाच्या छायाप्रती ओलांडणीवरच्या प्रत्येकाच्या खिशात ठेवा. एक टेम्पोवाला भांडायला उतरला, हवालदार तेव्हा पलीकडच्या टोकाला होते. कागद दाखवल्यावर तो थांबला.

स्पर्धेनंतर मी त्या कचेरीला पत्र दिलं आहे: अर्जात 'मार्गाचा नकाशा' आणि 'रस्ता ओलांडण्याच्या जागा' असे दोन रकाने घाला, आणि स्वयंसेवकांची यादी ठिकाणांनुसार स्वीकारा. पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून आलेलं नाही. पुढचा अर्ज नोव्हेंबरातच टाकणार आहे, नकाशा वर आणि अर्ज खाली लावून. नकाशाची आणि तक्त्याची प्रत शाळेच्या ऑफिसात ठेवली आहे. बडोद्यातली कुठलीही शाळा मागेल तर तिला ती मिळेल.